क्लबच्या भिंतीवर चार हरलेले

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

पाकीट बघून दचकला असाल तर आधी पाणी प्या. घरी सगळे धडधाकट आहेत. आई दिवसातून तीनदा माझ्यावर ओरडते आणि चौथ्यांदा ओरडायचं राहिलं की तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, यावरून तिच्या तब्येतीचा अंदाज घ्या. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणार. मामा, फोनवर तुमचे आभार मानायचा मी तीनदा प्रयत्न केला. ‘आभार’मधला ‘आ’ काढला की तुम्ही पाऊसपाण्यावर जाता आणि मी काही बोलायच्या आत मामीला फोन देऊन टाकता. पत्रात माणसाला मध्ये तोंड घालता येत नाही, ही त्याची फार मोठी सोय आहे.

गुडघे काय म्हणतात? ताईच्या इमारतीला लिफ्ट असून तुम्ही चार मजले चालत चढता, असं मामी आईला सांगत होती. चाळीस वर्षं उघड्या मैदानावर काढलेल्या माणसाला त्या पेटीत कोंडून घ्यायला आवडत नसणार, हे मला समजतं. तरी निदान उतरताना चाला आणि चढताना लिफ्ट घ्या. गॅलरीतल्या कुंडीत गवत लावून ते तुम्ही कात्रीने कापता, हेही कळलं. (मामी तक्रार म्हणून सांगत होती. आम्ही मायलेकांनी कौतुक म्हणून ऐकलं.)

आता मुद्द्याचं. तुम्ही क्लबच्या सचिवांकडे माझ्यासाठी शब्द टाकलात, त्याबद्दल हे पत्र. रिटायर होऊन सहा वर्षं झालेल्या हेडमाळ्याचा शब्द गोल्फ क्लबात अजून चालतो, हे मला खरं वाटलं नव्हतं. सचिवांनी मला बोलावलं ते सरळ खुर्ची देऊन. क्लबची नवी ओसरी बांधून झाली होती, तिच्या लांब भिंतीवर गोल्फच्या इतिहासातले चार मोठे क्षण हाताने रंगवून हवे होते, खाली साल आणि दोन ओळी मजकूर. हाताने! हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला. आमच्या धंद्याची दशा तुम्हाला माहीत आहे. फ्लेक्सचं मशीन आल्यापासून ब्रशने पाटी रंगवून घेणारं गिऱ्हाईक नाहीसं झालं. गेल्या वर्षभरात मी दोनच पाट्या रंगवल्या. एक ‘येथे गाडी लावू नये’ आणि दुसरीही तीच, कारण पहिली एका गाडीने पाडली. माझा मेहुणा, ज्याचं ते फ्लेक्सचं मशीन आहे, मनाने चांगला आहे. त्याने मला बटण दाबायच्या कामावर घ्यायची तयारी दाखवली आणि वर चाकांची खुर्ची देऊ केली. भिंत पास झाली तर क्लबची वर्षभराची सगळी अक्षरं माझी, नापास झाली तर चाकांची खुर्ची, असा सरळ हिशेब होता. त्या आठवड्यात मला ती खुर्ची डोळे मिटले तरी दिसायची.

अडचण एकच होती. मला गोल्फ येत नव्हता. येत नव्हता म्हणजे किती, तर पहिल्या दिवशी मी शिडी खांद्यावर घेऊन जवळची वाट म्हणून सरळ ग्रीनवरून चालत गेलो. तुम्ही चाळीस वर्षं ज्या गवताला ओंजळीत धरल्यासारखं सांभाळलंत, त्यावर तुमच्या सख्ख्या भाच्याने बूट घालून शिडीसकट फेरफटका मारला. (सध्याचा माळी धावत आला. मी तुमचं नाव सांगितलं. त्याने आधी हात जोडले आणि मग जास्तच चिडला.) दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ ओसरीतून चालले होते, त्यांना मी आदराने विचारलं की आज किती फटके झाले. ते म्हणाले, एकशे बारा. मी त्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला शंभरावर गेलं की टाळ्याच वाजवायच्या एवढं कळतं. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं, ही माहिती मला त्यांच्या चेहऱ्यावरून मिळाली. तिसऱ्या दिवशी एक चेंडू खिडकीतून आला आणि थेट माझ्या प्रायमरच्या डब्यात पडला. पाठोपाठ एक वकीलबाई आल्या. चेंडू पडला असेल तिथूनच मारायचा असा नियम असल्यामुळे त्या काठी घेऊन डब्यासमोर उभ्या राहिल्या, पोझही घेतली. मी डब्याला मिठी मारली. मग नियमांचं पुस्तक आलं, आणखी दोन सभासद आले, अर्धा तास खल झाला आणि शेवटी बाईंनी दंडाचा फटका पत्करला. चेंडूही पांढरा आणि प्रायमरही पांढरा, तो शोधून काढायला मला दुपार गेली.

म्हणून मी तुम्हाला फोन लावला आणि विचारलं, मामा, गोल्फच्या इतिहासातले मोठे क्षण सांगा. चार दुपारी तुम्ही सांगत होतात आणि मी वहीत उतरवत होतो. (क्लबातली जुनी मासिकं बियाणाच्या पोत्यांवर झाकायला म्हणून तुमच्याकडे यायची आणि तुम्ही ती अवजारांच्या खोलीत बसून पहिल्या पानापासून वाचायचात, हे मला तेव्हाच कळलं. पोती बरीच वर्षं उघडीच राहिली असणार.) काय ते तुमचं सांगणं! तुम्ही पाऊसपाण्यावर बोलता त्याच्या दसपट बोललात. १९२५ सालचा तो हौशी खेळाडू सांगितलात. मोठ्या स्पर्धेत, लांब गवतात काठी टेकवताना चेंडू जरासा हलला, आणि हलला की एक फटका दंड. कुणी पाहिलं नव्हतं, तरी पंचांशी भांडून त्याने स्वतःवर एक फटका चढवून घेतला. लोकांनी वाहवा केली तर म्हणाला म्हणे, बँक लुटली नाही म्हणून माणसाची पाठ थोपटता का! मग १९४९ सालचा, ज्याचा चेंडू फुटक्या बाटलीत जाऊन बसला. पंचांना विचारत बसण्यापेक्षा त्याने काचेसकट फटका मारला. मग १९६८ सालचा, ज्याचा स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी पंचेचाळिसावा वाढदिवस होता, प्रेक्षकांनी त्याच्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं आणि पहिल्याच होलवर त्याचा दुसरा फटका लांबून थेट आत गेला. गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहायचे नसतात, सोबतच्याने लिहायचे आणि आपण तपासून सही करायची, हे मला तिथे समजलं. सोबतच्याने तीनच्या जागी चार लिहिले, याने न बघता सही केली, आणि सही झाली की मोठा आकडा कायम. दोष मात्र त्याने एकट्या स्वतःला दिला. आणि शेवटचा १९९९ सालचा, ज्याला शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी होती. चेंडू गेला ओढ्यात. हा बूटमोजे काढून, पँट गुंडाळून पाण्यात उतरला आणि सगळं जग बघत असताना तिथे उभा राहून विचार करत बसला.

मामा, माझा ब्रश इतकी वर्षं ‘नये’ आणि ‘मनाई’ लिहून आंबट झाला होता. त्या बारा दिवसांत तो असा चालला की माझा मलाच हेवा वाटला. ओढ्यातलं पाणी मी तीनदा रंगवलं. पाण्यातल्या पोटऱ्या थोड्या तुटल्यासारख्या दिसतात, ते साधायला मी घरी बादलीत पाय घालून बसत होतो. (आई म्हणाली, काम सुटलं की माणसाचं असंच होतं. मी म्हटलं, काम लागलंय.) काचेचे उडालेले तुकडे, टेबलाशी डोकं धरून बसलेला वाढदिवसाचा माणूस, गवतात वाकून स्वतःच्याच चेंडूकडे बोट दाखवणारा तो हौशी, सगळे एकेक करून भिंतीवर आले. तो आनंद तुमच्यामुळे मिळाला, हे मला इथे एकदा स्पष्ट लिहू द्या.

तेराव्या दिवशी समिती पाहायला आली. अध्यक्ष पुढे, सचिव मागे. अध्यक्ष चार वर्षांपूर्वी आलेले, मोठे उद्योजक, बोलतात ते सगळं उद्घाटनाला बोलल्यासारखं. पहिल्या चित्रासमोर उभे राहून म्हणाले, सुंदर, हा कधी जिंकला? मी वही काढली. वहीत लिहिलं होतं की बरोबरी झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना झाला आणि एका फटक्याने हरला. दुसऱ्याकडे गेले. बाटलीवालाही बरोबरीत आला आणि नंतरच्या सामन्यात हरला. तिसरा एका फटक्याने मागे. चौथा तर तीन फटके पुढे असून हरला. मामा, तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं! तुम्ही मला चार दुपारी गोल्फचा सगळा इतिहास सांगितलात आणि त्यात जिंकलेला एकसुद्धा माणूस नव्हता. तुमचं सांगणं एवढं रसाळ की मी प्रत्येकाला विजेताच समजत होतो. अध्यक्षांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, आमच्या ओसरीत पाहुणे येणार आणि भिंतीवर काय, तर चार पडेल माणसं? कप कुठे आहे? हार कुठे आहेत? सोमवारपर्यंत पांढरा रंग फासून विजेते रंगवा, नाहीतर आम्ही फ्लेक्स लावून घेतो. फ्लेक्स म्हणजे माझा मेहुणा, हे त्यांना माहीत नव्हतं.

मी तुमच्यावर रागावलो, खोटं कशाला लिहू. घरी येऊन आईला म्हटलं, तुझ्या भावाने मला भिंतीवर चढवलं आणि शिडी काढून घेतली. आई तुमच्या बाजूने भांडली. (तुमच्या बाजूने भांडायला तिला कारण लागत नाही, माझ्या बाजूने भांडायला कारण असून पुरत नाही.)

शनिवारी मी पांढऱ्या रंगाची बादली घेऊन गेलो. मासिक स्पर्धा चालू होती. आता त्या ओसरीची रचना लक्षात घ्या, कारण ती बांधणाऱ्यानेही घेतली नव्हती. फटक्यांची कार्डं तपासायच्या खोलीला दोन दारं आहेत. जिंकलेले डावीकडच्या दाराने हॉलमध्ये जातात, तिथे टाळ्या आणि चहा. बाकीचे सगळे उजवीकडच्या दाराने माझ्या ओसरीतून गाड्यांकडे जातात. एक जिंकतो आणि साठ हरतात, म्हणजे साठ माणसं माझ्या भिंतीसमोरून जाणार. मी बादलीचं झाकण उघडलं तेवढ्यात पहिला आला. काठ्यांची पिशवी फरशीवर आपटली, पुढे निघाला आणि ओढ्यातल्या माणसासमोर थबकला. खालच्या दोन ओळी वाचल्या. मग माझ्या स्टुलावर बसून त्याने बूट काढले आणि पाय लांब करून बराच वेळ चित्र बघत राहिला. जाताना पिशवी उचलून नीट खांद्यावर घेतली. त्याच्यामागून ते एकशे बारावाले आले (आज एकशे नऊ), मग वकीलबाई आल्या, त्या बाटलीसमोर उभ्या राहून एकट्याच हसायला लागल्या. अकरा वाजेपर्यंत ओसरीत इतकी गर्दी झाली की मला ब्रश बुडवायला जागा उरली नाही. हॉलमध्ये तोवरचा विजेता सचिवांबरोबर एकटाच चहा पीत होता.

आणि मग अध्यक्ष आले. उजवीकडच्या दाराने. शेवटच्या होलपर्यंत दोन फटके पुढे होते आणि तिथे चेंडू तळ्यात. गर्दीने वाट करून दिली. ते ओढ्यासमोर उभे राहिले. मी बादली पाठीमागे लपवली, का ते मलाही माहीत नाही. त्यांनी विचारलं, पाणी किती होतं? मी म्हटलं, पोटऱ्यांपर्यंत. ते म्हणाले, आमच्या तळ्यात तर घोट्याएवढंच आहे. मग उद्घाटनाचा आवाज बाजूला ठेवून हळूच म्हणाले, राहू दे ही भिंत. पण समितीत मी एवढं बोलून बसलोय, माझी अब्रू राखायला एक तरी जिंकलेला माणूस रंगव. दाराजवळ जागा आहे. तो समितीला पटला तर सगळी भिंत राहील, नाहीतर माझाही नाइलाज.

जिंकलेला माणूस आणायचा कुठून? तुम्हाला विचारण्यात अर्थ नव्हता. मी कार्डबाईंकडे गेलो. त्या चौतीस वर्षं त्या खोलीत बसून प्रत्येकाची कार्डं तपासतात, त्यांना विजेते पाठ असणार. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, तुझ्या मामाने स्वतःचं सांगितलं नाही का? मी म्हटलं, मामांचं काय? तेव्हा त्यांनी सांगितलं ते मी तुम्हालाच परत सांगणं हा आगाऊपणा आहे, पण तुम्ही मला सांगितलं नाहीत याचा हा सूड समजा. सभासद आणि कर्मचारी असा वर्षातून एकच सामना व्हायचा. तेवीस वर्षांपूर्वीच्या सामन्यात तुम्ही उसन्या काठ्यांनी खेळत होतात आणि शेवटच्या होलपर्यंत एका दंतवैद्याच्या बरोबरीने होतात. ग्रीनवर काठी टेकवताना चेंडू हलला, किती, तर नखाएवढा. सगळे दंतवैद्याकडे बघत होते. तुम्ही कार्डबाईंच्या खिडकीशी येऊन टोपी काढलीत आणि म्हणालात, शेवटच्या होलवर एक वाढवा. त्यांनी विचारलं, कुणी पाहिलं? तुम्ही म्हणालात, मी होतो ना तिथे. एका फटक्याने कप गेला. तो अजून त्या दंतवैद्याच्या दवाखान्यात आहे, म्हणजे घाबरलेल्या लोकांसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तुम्ही त्याच ग्रीनवर मशीन फिरवत होतात, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा चष्मा पुसला.

मामा, चार परक्या माणसांच्या गोष्टी तुम्ही चार दुपारी सांगितल्यात आणि पाचवी गिळून टाकलीत. मी आधी रागावलो होतो, तो राग परत घेतो. तुम्ही मला चुकीचा इतिहास सांगितला नव्हता. मी लहान असताना बाबा गेले तेव्हापासून तुम्ही मला किती गोष्टी न बोलता दिल्यात, पहिला ब्रशसुद्धा तुम्हीच आणलात, त्या सगळ्याचे आभार मी कधी मानलेच नाहीत. ते इथे एकत्र मानतो. मध्ये बोलू नका.

ताईला आणि मामीला नमस्कार. गुडघ्यांना जपा. कुंडीतल्या गवताला माझ्याकडून थोडं पाणी घाला.

आपला उपकृत भाचा

ता. क. : पाचवं चित्र पूर्ण झालं. समितीला ते फार आवडलं. सचिव मात्र ते बघताना सारखे खोकत होते.

ता. क. दुसरा : सचिव खोकत होते कारण त्यांनी ओळखलं. तुम्हालाच रंगवलंय, खिडकीशी टोपी हातात धरून एक बोट वर केलेलं. अध्यक्षांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. ते म्हणाले, वा, काय तेज आहे, हा खरा विजेता, यांनी काय जिंकलं? मला खोटं बोलवेना आणि खरं बोलायचा धीर होईना. मी म्हटलं, ते स्वतः येऊन सांगतील. येत्या रविवारी सकाळी दहाला उद्घाटन आहे आणि निमंत्रणपत्रिकेत ‘विजेते उपस्थित राहतील’ असं छापून गेलं आहे. (फ्लेक्सवर. मेहुण्याने छापलं.) तर मामा, एवढी एकच विनंती, ज्यासाठी खरं तर हे सगळं पत्र लिहिलं. या, आणि काय जिंकलात ते सगळ्यांसमोर सांगा. तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला माहीत आहे. माझी भिंत आणि माझा ब्रश आता त्यावरच आहेत.

ता. क. तिसरा, आईकडून : दादा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून मी उघडून वाचलं. तुझ्या त्या सामन्याच्या रविवारी मी तुझ्याकडेच राहायला होते. तू आलास, हात धुतलेस, जेवलास आणि गवताला पाणी कमी पडतंय, एवढंच बोललास. मला तेवीस वर्षांनी भिंतीवरून कळलं. त्याचं भांडण समोरासमोर करायचं आहे, पत्रात मजा नाही. तू येऊन ‘मी काही जिंकलो नाही’ असंच म्हणणार, मला ठाऊक आहे. खुशाल म्हण. मी कार्डबाईंना घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे, पुढचं आम्ही बघू. चित्र मी काल जाऊन पाहिलं. तुझं नाक त्याला अजिबात जमलेलं नाही, पण त्याच्यासमोर मी तासभर उभी होते. ये. नाक दुरुस्त करून घ्यायला तरी ये.